हप्ता

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी काय येतं ते मी सांगायला नको. पावसावर चार कविता, 'तिच्या' आठवणीत सहा, आणि मेसच्या वरणावर एक विनोदी लेख. यंदा वरणाचा नंबर माझा होता. दीड पान लिहूनही झालं होतं. पण मध्येच एका रात्री अकराच्या सुमारास आमच्या विंगमधला फर्स्ट इयरचा एक पोरगा दार ढकलून आत आला. कर्जत तालुक्यातला, एरवी तोंडातून शब्द न काढणारा. हातात मोबाईल आणि त्यात घरून आलेला एका नोटिशीचा फोटो.

"दादा, तुमच्याकडं पण असंच झालं होतं म्हणे... आमचं घर जाणार का?"

मित्रांनो, वरणाचा लेख तिथेच राहिला. संपादक मंडळाने क्षमा करावी.

तर गोष्ट जून २०२४ ची. मी फर्स्ट इयरला, दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा चालू, मॅथ्सच्या पेपरला एक दिवसाची गॅप. सकाळी रीडिंग रूममध्ये पेपर चाळत होतो. मला पेपर मागून वाचायची सवय आहे, आधी क्रिकेट, मग बाकीचं. आतल्या एका पानावर खाली चौकट होती, 'ताबा नोटीस (स्थावर मालमत्तेकरिता)'. अशा चौकटी रोज असतात, कोण वाचतं? पण आपलं नाव हजार नावांतही डोळ्याला दिसतं. कर्जदार म्हणून अण्णांचं पूर्ण नाव होतं. सहकर्जदार म्हणून आईचं. खाली गट नंबर, प्लॉट नंबर आणि चतुःसीमा. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमुक यांचे घर, उत्तरेस मोकळा प्लॉट. त्या उत्तरेच्या भिंतीला टेकून माझी पहिली सायकल उभी असायची.

खरं सांगतो, पहिली भीती घराची वाटलीच नाही. आता हे सगळं होस्टेल वाचणार, ही वाटली. इकडेतिकडे बघितलं, पान अलगद काढलं, घडी करून शर्टात घातलं आणि बाहेर आलो. रीडिंग रूमचा पेपर मी चोरला हे इथे जाहीर कबूल करतो, ग्रंथपाल सरांनी दंड लावायचा तर लावावा. खोलीवर येऊन घरी फोन केला तर आई म्हणाली, "काही नाही रे, तू पेपर दे नीट." कुठला पेपर, ते तिनेही विचारलं नाही आणि मीही नाही.

मॅथ्सचा पेपर कसा गेला ते निकालात सगळ्यांनी पाहिलंच आहे.

परीक्षा संपली त्याच दिवशी एसटी पकडली. नगर इथून अडीच तास (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो). आमचं घर एमआयडीसीच्या अंगाला, दोन खोल्या, पुढं पत्र्याची शेड. दाराशी गेलो तर फळीवर कागद खरवडल्याच्या खुणा. कंपनीच्या माणसांनी नोटीस डकवून फोटो काढून नेला होता, आणि ते गेल्यावर आईने उलथणं घेऊन ती खरवडली होती. अर्धी निघाली, अर्धी राहिली. राहिलेल्यात 'सर्वसाधारण जनतेस सूचित करण्यात येते की' एवढं वाचता येत होतं.

अण्णा शेडमध्ये लेथवर होते. लेथविषयी सांगायला हवं. अण्णा एमआयडीसीत टर्नर. २०१५ मध्ये बंद पडलेल्या एका वर्कशॉपचा सहा फुटी जुना लेथ त्यांनी विकत घेतला, शेडमध्ये फाउंडेशन भरून बसवला. नोकरी सुटली की स्वतःचं जॉबवर्क, हा त्यांचा प्लॅन. आपल्या वर्कशॉप प्रॅक्टिसमध्ये सगळे फेसिंगला घाबरत होते तेव्हा मी का घाबरलो नाही, त्याचं कारण हा लेथ. थ्रेडिंग मी दहावीच्या सुट्टीत शिकलो होतो.

मी शर्टातून पेपरची घडी काढून मशीनच्या बेडवर ठेवली. त्यांनी मोटर बंद केली.

"अण्णा, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुझी परीक्षा होती." मग थोडं थांबून, "आन् सांगून तू काय करणार व्हता?"

बरोबरच होतं. मी काय करणार होतो? तरी त्या रात्री सगळे कागद कॉटवर पसरून बसलो. लोखंडी पेटीतून अ‍ॅग्रीमेंटची जाडजूड फाईल निघाली. पानोपानी अण्णांची सही, तीच थरथरती, आणि शेजारी आईची. मजकूर सगळा इंग्रजी. "वाचलं होतं का?" तर म्हणाले, "तिथं बसलेला पोरगा पानं उलटत व्हता, मी सह्या करत व्हतो. पाच वाजले व्हते, त्याला घरी जायचं व्हतं."

आता थोडा हिशेब. इंजिनिअर आहोत, एवढं चालायला हवं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्ज घेतलं १० लाख. व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे, हप्ता ८,९९७ रुपये. पहिल्या वर्षी बारा हप्ते म्हणजे जवळजवळ १ लाख ८ हजार भरले. त्यातले मुद्दलात किती गेले? साधारण १८,७००. बाकी सगळं व्याज. यात फसवणूक नाही, सूत्रच तसं आहे, कॅल्क्युलेटर काढून बघा. पण अण्णांना, आणि पैजेवर सांगतो, आपल्यापैकी निम्म्यांच्या घरच्यांना, हे कुणी सांगितलेलं नसतं.

मग २०२० उजाडलं. लॉकडाऊन. रिझर्व्ह बँकेने मार्चअखेर तीन महिन्यांची सवलत जाहीर केली, पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. अण्णांनी सहा महिने हप्ता भरला नाही. त्यांना वाटलं सहा हप्ते माफ, फार तर शेवटी सहा जास्त भरू. पण व्याज चालूच होतं. तोवर ३६ हप्ते भरून मुद्दल ९ लाख ३८ हजारांवर आलं होतं, त्यावर सहा महिन्यांचं व्याज सुमारे ४३ हजार चढलं. व्याजावरचं व्याज घेऊ नका असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं खरं, पण ते चिल्लर. मूळ व्याज कुठे जाणार? दर तोच धरून मी गणित केलं तेव्हा कळलं की सहा महिने न भरलेल्या हप्त्यांमुळे पुढचे हप्ते २०४ च्या जागी २२८ झाले. सहा चुकवले आणि चोवीस वाढले! दोनदा करून बघितलं, मग रूममेटला फोन करून त्याच्याकडून करून घेतलं. तेच.

आणि नंतर मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३, नऊ महिन्यांत रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर. आमचं कर्ज बदलत्या व्याजाचं, आमचा दर ११ वर गेला. कंपनीने हप्ता वाढवला नाही, ८,९९७ च ठेवला. अण्णा खूष, "आपला हप्ता काही वाढला नाही." वाढली होती ती मुदत. तेव्हा मुद्दल सुमारे ९ लाख ३० हजार, त्यावर महिन्याचं व्याजच साडेआठ हजार. म्हणजे हप्त्यातले जेमतेम साडेचारशे रुपये मुद्दलाला लागत होते. असे ३२४ हप्ते, २७ वर्षे. अण्णा तेव्हा ४९ चे. शेवटचा हप्ता भरायला ७६ व्या वर्षी काठी टेकत जावं लागलं असतं. मला राग आला तो इथे. कर्ज महाग झालं याचा नाही, ते देशात सगळ्यांचंच झालं. गपचूप मुदत ताणली याचा. पुढे १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने सगळ्यांना बजावलं की दर बदलला तर ग्राहकाला नीट सांगा, हप्ता वाढवायचा की मुदत ते त्याला निवडू द्या. आमच्या घरापर्यंत ते पोचायच्या आत दिवाळीला अण्णांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. नोव्हेंबरपासून हप्ते थांबले.

नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए होतं. मग 'सरफेसी' कायदा लागतो, २००२ चा. यात कोर्टात जावंच लागत नाही. कर्ज देणाराच साठ दिवसांची नोटीस देतो, तेवढ्यात पैसे आले नाहीत तर ताबा घेतो. पहिला ताबा कागदावरचा, म्हणजे दारावर नोटीस आणि दोन पेपरांत जाहिरात, त्यातला एक स्थानिक भाषेतला. माझ्या शर्टातला तो हाच. खरा ताबा घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतात, मग तहसीलची माणसं पोलीस घेऊन येतात आणि कुलूप लावतात. दाद मागायची तर पंचेचाळीस दिवसांत डीआरटी नावाच्या न्यायाधिकरणात, आणि ते नगरला नाही. त्यातल्या त्यात बरं म्हणजे आधी मागितलेल्या रकमेच्या ७५ टक्के भरल्याशिवाय तिथे उभंच करत नसत, ती अट सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात काढून टाकली.

नोटिशीत आकडा होता ९ लाख ७८ हजार. तोवर अण्णांनी ७४ हप्ते भरले होते, म्हणजे ६ लाख ६५ हजार. दहा लाख घेतले, साडेसहा लाखांवर फेडले, आणि राहिले पावणेदहा लाख!

दुसऱ्या दिवशी आत्या आली. मी तिच्यापुढे कंपनीला मनसोक्त शिव्या घातल्या. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "माझे दोन लाख पतसंस्थेत अडकलेत, तुला ठाऊक आहे ना? तिथं पण लोक असंच म्हणायचे, कशाला फेडायचं." मी गप्प बसलो. नगर जिल्ह्यात हे दुखणं घरोघर आहे. नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, तेव्हा ठेवीदारांची काय अवस्था झाली हे इथल्या स्टाफपैकीही काहींना माहीत असेल. कर्ज बुडालं की कुणाची तरी आत्या बुडते. मला हे पटलं, आणि पटूनही राग गेला नाही. दोन्ही तसेच राहिले, अजून आहेत.

शाखेत मी आणि अण्णा गेलो. दुसरा मजला, एसी, प्लॅस्टिकची फुलं. वसुलीचा साहेब म्हणून जो समोर आला तो आपल्यापेक्षा सहा-सात वर्षांनीच मोठा. माझ्या बॅगेला ड्राफ्टरची नळी बघून म्हणाला, "इंजिनिअरिंग का? कुठली ब्रांच?" मी म्हटलं मेकॅनिकल. "मी पण मेकॅनिकलच." आणि खाली बघून हसला. प्लेसमेंटची स्वप्नं बघणाऱ्या सर्व मित्रांच्या माहितीसाठी.

मी विचारलं, व्याज वाढलं, मुदत वाढली, हे कळवलं कधी? तो म्हणाला, एसएमएस केलेत. अण्णांचा मोबाईल तिथेच उघडला. न वाचलेले मेसेज चार हजारांच्या वर. त्यात रिचार्जचे, लॉटरीचे, आणि मधेच कुठेतरी आमच्या २७ वर्षांचा, इंग्रजीत, दोन ओळींचा.

त्याने एक गोष्ट मात्र सरळ सांगितली, त्याबद्दल त्याचे आभार. सगळी रक्कम मागायचा हक्क कंपनीला आहे. पण थकलेले सगळे हप्ते, दंड आणि नोटिशीचा खर्च एकरकमी भरला तर खातं पुन्हा नियमित करता येतं, मी वर विचारतो. लिलावाची जाहिरात लागायच्या आत या, नंतर माझ्याही हातात काही राहत नाही. आकडा निघाला १ लाख ४ हजार. पावणेदहा लाखांच्या भीतीने चार महिने झोप न लागलेल्या अण्णांना हा रस्ता आधी कुणी सांगितला नव्हता, आणि त्यांनी विचारलाही नव्हता. नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि पंधरा दिवसांत तिला उत्तर देणं कंपनीला बंधनकारक असतं, हेही आम्हाला साठ दिवस उलटून गेल्यावर कळलं.

आता एक लाख चार हजार आणायचे कुठून? पारनेर तालुक्यात आजीची ३४ गुंठे जिरायत आहे. शेतजमिनीला सरफेसी लागत नाही. पण आमचे तात्या म्हणाले, "घरापायी शेताला हात लावू नका." आईने बचत गटातून १९ हजार उचलले. राहिले ८५.

लेथचं गिऱ्हाईक अण्णांनी स्वतःच शोधलं. मला वाटलं होतं ते घासाघीस करतील. केली नाही. रविवारी सकाळी हायड्रा आली, शेडचे चार पत्रे काढावे लागले. अण्णांनी आदल्या रात्री मशीन पुसून, स्लाईडवेला तेल लावून ठेवलं होतं. नट त्यांनीच सोडले. मशीन उचलल्यावर घेणाऱ्याला म्हणाले, "टेलस्टॉक एक दोन सूत खाली बसतो, पत्ती घालून घ्या." आई बाहेर आलीच नाही.

त्या वर्षी होस्टेलची फीही मी हप्त्यानेच भरली. ऑफिसमधल्या मॅडमनी काही न विचारता तीन तारखा लिहून दिल्या, कुठलंही व्याज न लावता.

नंतरच्या सुट्टीत लायब्ररीत (हो, पेपर चोरणाऱ्याला परत आत घेतलं) आपल्या जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर हाती आलं, १८८४ चं. त्यात कर्जावरून झालेल्या दंग्यांची हकिगत आहे. शाळेत 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन मार्कांना होते, आठवतं? सुरुवात १२ मे १८७५ ला सुप्याला, बाजारच्या दिवशी. आमच्या एमआयडीसीचं सुपं नव्हे हां, ते पारनेरचं. हे भीमथडीचं, पुणे जिल्ह्यातलं. पण ठिणगी त्याआधीची. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने हुकूमनामा मिळवून बाबासाहेब देशमुख नावाच्या कुळाचं घर ताब्यात घेतलं, आणि नुसतं घेतलं नाही, पाडलं. गावाने सावकाराशी व्यवहारच बंद केला. पुढे लोण घोड नदी ओलांडून पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत तालुक्यांत आलं.

मला नवल वाटलं ते याचं की लोकांनी बहुतेक ठिकाणी धान्य किंवा सोनं मागितलं नाही. कर्जरोखे आणि हुकूमनामे मागितले, आणि जाळले. जिथे मुकाट्याने दिले तिथे मारहाणही फारशी झाली नाही. न वाचता अंगठा उठवलेले कागद! दोन्ही जिल्ह्यांत मिळून साडेनऊशेच्या आसपास लोक पकडले गेले. सरकारने कमिशन नेमलं आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्यात कोर्टाला रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ दिलं किती, व्याज किती, हे तपासता येऊ लागलं, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणं थांबलं.

अमेरिकेत तर उलटाच प्रकार झाला. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा आम्ही अंगणवाडीतही नव्हतो. घरांवरच्या बुडीत कर्जांमुळे तिकडे लाखो लोकांची घरं गेली, आणि २०१० मध्ये बाहेर आलं की बँकांची माणसं जप्तीच्या प्रतिज्ञापत्रांवर न वाचता धडाधड सह्या करत होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच मोठ्या बँकांना २५ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. हे वाचलं तेव्हा मला अण्णांच्या त्या थरथरत्या सह्या आठवल्या. इकडे घेणारा न वाचता सही करतो, तिकडे देणारा करत होता.

आता घरचं ठीक आहे. अण्णा सुप्याच्या एमआयडीसीत लागलेत, पहाटे बस. २०२५ च्या फेब्रुवारी ते डिसेंबरात रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला, तेव्हा मीच अर्ज लिहून आमचा दर कमी करून घेतला आणि हप्ता तोच ठेवून मुदत घटवली. शेडमध्ये आता मोटारसायकल लावतो. फाउंडेशनचे चार बोल्ट मात्र काँक्रीटमधून तसेच वर आलेत, येता-जाता ठेच लागते. मी म्हटलं ग्राइंडरने कापून टाकू. अण्णा म्हणाले, "राहू दे." बोल्टला गंज चढू नये म्हणून त्यांनी ग्रीस लावलंय, हे मला गेल्या दिवाळीत दिसलं.

तर तो फर्स्ट इयरचा पोरगा. त्याच्या मोबाईलमधली नोटीस पहिलीच होती, साठ दिवसांची, आणि त्यातले फक्त अकरा गेले होते. रात्री दोनपर्यंत बसून आम्ही तिघांनी उत्तर लिहिलं. किती भरलं, किती राहिलं, व्याजाचा दर कधी बदलला आणि कळवलं कसं, याचं सगळं स्टेटमेंट मागितलं. सकाळी पहिलं लेक्चर बुडवून तो बसने घरी गेला, वडिलांची सही घेऊन रजिस्टर पोस्टाने पाठवलं, आणि पावतीचा फोटो मला टाकला. खाली लिहिलं होतं, 'वडिलांनी पूर्ण वाचून सही केली. दोन चुका काढल्या.'

आज तेरावा दिवस आहे. उत्तर अजून आलेलं नाही. तो रोज मेसमध्ये ताट घेऊन माझ्यासमोर बसतो, वरण वाढून घेतो आणि फोन पालथा ठेवतो.